बत्तीसचं चपट्या तोंडाचं काडतूस आणि सेंटर फायर पिस्तूल

काळा ठिपका

मध्यंतरी शस्त्रपरवान्याच्या एका धाग्यावर कोणीतरी लिहून गेलं, ".३२ म्हणजे शेठजींचं रिव्हॉल्व्हर, वरातीत हवेत बार काढायला." धागा भरकटू नये म्हणून तिथे गप्प बसलो. पण बत्तीसची ती बदनामी डोक्यात राहिली, म्हणून हा वेगळा धागा. परवाना कसा काढायचा, घरात कुठलं हत्यार ठेवावं, हे प्रश्न कृपया इथे नकोत. इथे फक्त काडतूस आणि नेमबाजी.

काडतुसाचं पूर्ण नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग (.३२ म्हणजे बोअर, नळीचा आतला व्यास, इंचात). जन्म १८९६, अमेरिका. त्याआधी १८७८ पासून स्मिथ अँड वेसनचंच एक आखूड .३२ काडतूस खिशातल्या रिव्हॉल्व्हरसाठी चालत होतं. कंपनीने १८९६ साली बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्यासाठी त्याच काडतुसाची पुंगळी लांबवली. आत काळी दारू भरायची. काळ्या दारूला जागा भरपूर लागते, म्हणून पुंगळी ऐसपैस. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. प्रतिस्पर्धी कोल्टने हेच काडतूस उचललं, पण दुसऱ्याच्या कंपनीचं नाव आपल्या रिव्हॉल्व्हरवर कोण कोरणार? त्यांनी गोळीचं टोक जरा चपटं केलं आणि 'कोल्ट न्यू पोलीस' म्हणून विकलं. साधारण त्याच काळात न्यूयॉर्कच्या पोलिसांना थिओडोर रूझवेल्टने (हो, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच, तेव्हा पोलीस आयुक्त होता) कोल्टचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर दिलं आणि त्यांचा नेमबाजीचा सरावही सुरू केला.

पोलिसांच्या कामाला हे काडतूस फार काळ पुरलं नाही. .३८ आलं, मग आणखी दमदार काडतुसं आली. एरवी बत्तीस तिथेच संपायचं. वाचलं ते कागदाच्या टार्गेटमुळे.

आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल नावाचा प्रकार आहे (पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर न आदळता मधोमध आदळते, म्हणून 'सेंटर फायर'). जागतिक स्पर्धेत तो १९४७ पासून आहे, ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हता. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० प्रिसिजनच्या: पाच-पाचच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला ५ मिनिटं, आणि टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम ५० मिलिमीटरचं. उरलेल्या ३० रॅपिडच्या: टार्गेट ७ सेकंद पाठ फिरवून उभं, मग ३ सेकंद समोर. हात खाली ४५ अंशांत धरलेला असतो. टार्गेट वळलं की उचलायचा आणि एकच गोळी मारायची. पुन्हा हात खाली. इथे दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. हे वाचून 'मग सोपंच की' असं ज्याला वाटेल त्याने रिकामा हात समोर करून, घड्याळ लावून बघावं.

नियम म्हणतो, बोअर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर, म्हणजे .३० ते .३८ यांमधलं काहीही चालेल. चापाचं वजन किमान १००० ग्रॅम. पिस्तूल जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. एवढी मोकळीक असताना रेंजवर जाऊन बघाल तर जवळपास प्रत्येकाच्या डबीत एकच काडतूस: .३२ लाँग वॅडकटर.

वॅडकटर म्हणजे चपट्या तोंडाची गोळी. हे काडतूस हातात घेतलं की नवखा माणूस विचारतो, "यात गोळी कुठाय?" पुढे टोक असं काही दिसतच नाही. पितळेची पुंगळी, आणि तिच्या तोंडाशी समतल बसलेली शिशाची करडी चकती, वर मेणाचा पातळ थर. पितळेची कड किंचित आत वळवलेली, बास. गोळी पूर्ण आत गेलेली असते. गोल टोकाची गोळी कागदातून जाताना कागद फाडते. भोकाच्या कडा चिरतात, आत दुमडतात, आणि भोक गोळीच्या व्यासापेक्षा लहान दिसतं. चपटी गोळी पंचिंग मशीनने पाडावं तसं भोक पाडते. गोळी वर्तुळाच्या रेघेला शिवली की नाही यावर एक गुण ठरतो, तिथे याला मोल आहे.

आता ती काळ्या दारूची पुंगळी. धूरविरहित दारू आली तेव्हा चिमूटभर दारूत काम भागू लागलं आणि पुंगळीत मोठी पोकळी उरली. दारू कधी पुढे, कधी मागे, मग प्रत्येक गोळीचा वेग जरा वेगळा. वॅडकटर आत खोल बसत असल्याने ती पोकळी आपोआप भरते. थोडी दारू, थोडी जागा, दर वेळी जवळपास सारखा जळणारा बार. गोळी ९८ ते १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि वेग ध्वनीच्या बराच खाली. २५ मीटरवर याहून जास्त काही लागतच नाही.

आणि माझ्या मते खरा घाव घातला तो एका बारक्या नियमाने. .३८ ची गोळी जाडी, भोक मोठं, रेघेला शिवायची शक्यता जास्त, म्हणजे.३८ वाल्यांना फुकटचा फायदा व्हायला हवा. पण सेंटर फायरमध्ये वादग्रस्त भोक मोजायचा गेज (भोकात घालायची मापाची खुंटी) सगळ्यांना एकच, ९.६५ मिलिमीटरचा. तुम्ही .३२ मारा की .३८, भोकात तोच गेज जातो. मोठ्या बोअरचा एकमेव फायदा नियमानेच काढून घेतल्यावर मोठा झटका कोण कशाला सोसेल?

थांबतो. पिस्तुलांबद्दल प्रतिसादांत बोलू.

——

निवडुंग

वाचनखूण साठवली. वरातीतला बार काढणाऱ्यांनाही लिंक पाठवतो.

——

लेथवाला

एक गोष्ट डोक्यात बसली नाही. हे मूळचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कडा असणार. अशी काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक ठेवली तर वरच्याची कडा खालच्याच्या कडेत अडकणार नाही का? शिवाय तोंड सपाट. गोल टोक चेंबरमध्ये घसरत जातं, हे कसं जाणार?

——

काळा ठिपका

@लेथवाला, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

कडा अडकते, अगदी अडकते. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे राहील असं बसवतात. बोल्ट (मागेपुढे सरकणारा ठोकळा) वरचं काडतूस पुढे ढकलतो. त्याची कडा मागे राहिली असेल तर ते खालच्याला ओढत नेतं आणि गाडी तिथेच फसते. मॅगझिन फक्त पाच काडतुसांचं असतं, स्पर्धेची फेरीही पाचचीच. उंच ढीग नाही, म्हणून निभावतं.

सपाट तोंडाचा उपाय रचनेत आहे. वॉल्थर जीएसपी घ्या. १९६८ च्या सुमाराचं जर्मन पिस्तूल, आधी पॉइंट टू टूमध्ये (.२२ चं लहान काडतूस) आलं, मग .३२ मध्ये. त्याचं मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे आहे. त्यामुळे काडतूस जवळजवळ चेंबरच्या रेषेत उभं असतं, त्याला वर चढून जावं लागत नाही. सरळ आत. पुंगळीचं तोंड व्यवस्थित आत वळवलेलं असलं की कुठे टेकत नाही. ते वळण ढिलं असलेली डबी हाती लागली तर मात्र स्पर्धेचा दिवस वाईट जातो. बिघाड झाल्याचा दावा करता येतो, पण कितीही वेळा नाही.

दुसरं, .३२ चा दाब कमी. म्हणून बोल्टला कुलपाची भानगड लागत नाही. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागतं. नळी जागची हलत नाही आणि अचूकतेला ते पोषकच. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १९६१ साली मॉडेल ५२ काढलं, .३८ स्पेशलच्या वॅडकटरसाठी. ते फार देखणं पिस्तूल, त्यातही पाचचंच मॅगझिन, पण दणका मोठा म्हणून कुलूपबंद ब्रीच करावी लागली. रशियनांनी तर नागां या आपल्या सैन्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचीच वंशावळ पुढे चालवली. त्यांची स्पर्धेची रिव्हॉल्व्हर सिलिंडर पुढे सरकवून नळीशी घट्ट बसवत, म्हणजे फटीतून वायू निसटत नाही.

——

लेथवाला

समजलं. फिक्स्ड बॅरल हा मुद्दा पटला. यंत्रात हलणारा भाग जितका कमी तितका टॉलरन्सचा ताप कमी.

——

घाटावरचा

आमच्याकडे वडिलांच्या नावावर कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. शेतावर वस्ती, म्हणून. काडतुसं मिळतात त्यांच्या बुडावर 'केएफ' उठवलेलं असतं आणि गोळी गोल टोकाची असते. धागा वाचून डबी काढून पाहिली. हेच का ते? आणि ही चपटी गोळी आमच्या रिव्हॉल्व्हरला चालेल का?

——

काळा ठिपका

@घाटावरचा, केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची दारूगोळा निर्माणी. १८६९ पासूनची, आता म्युनिशन्स इंडियाखाली. काडतूस तेच, .३२ लाँग, सरकारी कागदावर ७.६५ बाय २३ मिलिमीटर. फक्त गोळीचा घाट वेगळा. २०१४ साली 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर आलं होतं, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं, त्यातही हेच काडतूस.

वॅडकटर त्या सिलिंडरमध्ये मावतं. पण ते आयात होऊन येतं, बहुतेक फिनलंडचं लापुआ किंवा इटलीचं फिओकी, आणि नेमबाजांच्या वाट्याचं असतं. वस्तीवर त्याचा काही उपयोग नाही. आणि एक सांगतो. बाजारात .३२ चं पिस्तूलही मिळतं, त्याचं काडतूस .३२ एसीपी, ७.६५ बाय १७. परवान्यावर दोन्हींना नुसतं '.३२' लिहिलेलं असतं म्हणून लोक एकच समजतात. वेगळी काडतुसं आहेत. यातलं त्यात घालून बघू नका.

——

घाटावरचा

वडिलांना वाचून दाखवलं. एसीपीचं त्यांना माहीत होतं, चपट्या गोळीचं नव्हतं. धन्यवाद.

——

शंकासुर

झटक्याचा मुद्दा मला पटत नाहीये. रॅपिडमध्ये ३ सेकंदांत एकच गोळी मारायची, पुढची ७ सेकंदांनंतर. प्रिसिजनमध्ये तर गोळीमागे मिनिट. पिस्तूल उडालं तर उडालं, परत खाली आणायला वेळच वेळ आहे. मग .३८ काय, ९ एमएम काय, फरक कशाला पडेल? पाच गोळ्या १० सेकंदांत मारायच्या असत्या तर गोष्ट वेगळी.

——

काळा ठिपका

@शंकासुर, तुमचं गणित गोळी सुटल्यानंतरचं आहे. घोळ त्याआधी होतो.

गोळी नळीत असतानाच पिस्तूल मागे सरकायला लागतं. काळ मिलिसेकंदाच्या आसपासचा, पण तेवढ्यात नळी किती वळते हे तुमची मूठ त्या क्षणी कशी होती यावर ठरतं. दर वेळी मूठ हुबेहूब तीच असेल तर काही बिघडत नाही, नेमाची खूण त्या हिशोबाने लावलेलीच असते. चाळिसाव्या गोळीला मूठ तीच असते का, हा प्रश्न आहे. .३८ वॅडकटर १४८ ग्रेनचं, .३२ चं ९८. वेगात फारसा फरक नाही, म्हणजे धक्का जवळपास दोन तृतीयांश. मुठीतली तेवढीच चूक .३२ मध्ये कमी महाग पडते.

दुसरं कारण शरीराचं. मोठ्या आवाजाला आणि दणक्याला माणूस आधीच दचकायला लागतो. चाप सुटायच्या ऐन वेळी मनगट टणक होतं, गोळी खाली जाते. नेमबाज हे मान्य करत नाहीत. प्रशिक्षकाने गुपचूप एक डमी काडतूस मॅगझिनमध्ये सरकवलं की मान्य करतात.

९ एमएमचं म्हणाल तर नियमाला चालतं. पण भारतात ते प्रतिबंधित बोअर आहे, आणि स्पर्धेच्या नजरेने त्याची गोळी वेगवान आणि दाब जास्त. त्याचं राज्य वेगळ्या खेळात आहे. धावत, वळणावळणाने, घड्याळाविरुद्ध मारायच्या आयपीएससीमध्ये गोळीचं वजन आणि वेग यांच्या गुणाकाराला किमान मर्यादा असते, म्हणून तिथे फार मऊ काडतूस चालतच नाही. आमच्याकडे उलटं. वेगाला खालची मर्यादा नाही, त्यामुळे काडतूस मऊ होत होत इथवर आलं.

——

ऱ्हाईनकाठ

जर्मनीहून लिहितोय. इथल्या गावोगावच्या शूटिंग क्लबांत हा प्रकार अजून नेमाने खेळतात. आमच्या क्लबातली अर्धी म्हातारी मंडळी जीएसपीवाली. त्याची खुबी अजून कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. खालचा सांगाडा आणि लाकडी मूठ तीच ठेवून वरचा भाग बदलता येतो, एक पॉइंट टू टूचा, एक .३२ चा. आठवडाभर पॉइंट टू टूवर स्वस्तात सराव, स्पर्धेआधी वरचा भाग बदलला की तीच मूठ, चापही जवळपास तसाच. .३२ ची डबी पॉइंट टू टूच्या कितीतरी पट महाग पडते, त्यामुळे खिशाला हे फार मोठं.

आणखी एक गंमत. फेरी संपली की सगळे वाकून जमिनीवरच्या पुंगळ्या गोळा करतात. आपापल्या. पुन्हा भरायच्या असतात. यावरून इथे जुने मित्र एकमेकांशी भांडलेले बघितलेत.

——

निवडुंग

पुण्याच्या लोकांनी हसू नये.

——

दुर्वांकुर

राहीचा उल्लेख कसा नाही अजून? कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकली, एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्यातही ३० प्रिसिजन, ३० रॅपिड, तेच ७ आणि ३ सेकंद. हाच प्रकार का?

——

काळा ठिपका

@दुर्वांकुर, आराखडा तोच, काडतूस वेगळं. महिलांचा २५ मीटर पिस्तूल हा प्रकार पॉइंट टू टूचा आहे, १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये. तो ऑलिंपिकला आणि पुरुषांचा सेंटर फायर बाहेर, हे त्रांगडं जुनं आहे.

सेंटर फायरमध्ये आपली कामगिरी मात्र ऑलिंपिक प्रकारांच्या तोडीची आहे, फक्त कोणाला आठवत नाही. मुंबईचे अशोक पंडित १९९० साली ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायरचं सुवर्ण घेऊन आले. त्या वर्षी भारताची बाकी सगळी सुवर्णं वेटलिफ्टिंगची होती, हे एक वगळता. १९९४ ला हिरोशिमा एशियाडमध्ये जसपाल राणा, अठरा वर्षांचा पोरगा, सुवर्ण. २००६ ला दोहात पुन्हा तोच, ६०० पैकी ५९०, तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी. समरेश जंग आणि विजय कुमार यांच्याबरोबर सांघिक सुवर्णही. ५९० म्हणजे काय ते बघा: साठातल्या किमान पन्नास गोळ्या दहात आणि उरलेल्यांत मिळून फक्त दहा गुण गेलेले, असा तो हिशोब. २०१० ला दिल्लीत हरप्रीत सिंग पहिला, विजय कुमार दुसरा. २०१४ ला इंचिऑनला सांघिक रौप्य.

आणि मग बत्ती गुल. राष्ट्रकुलमध्ये २०१० नंतर नाही, एशियाडमध्ये २०१४ नंतर नाही. जागतिक स्पर्धेत आणि आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत अजून आहे.

——

शंकासुर

मग खरं सांगायचं तर हा प्रकार मरतोय, आणि मरू द्यावा. काडतूस आयात करायचं, महाग, मुलींना संधी नाही, ऑलिंपिकचं तिकीट नाही. तोच पैसा पॉइंट टू टूत घातला तर पदक दिसेल तरी. २५ मीटरच्या रेंज आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

——

काळा ठिपका

मुलींचा मुद्दा बिनतोड. तो प्रकार उघडला असता तर आज चित्र वेगळं असतं. खर्चाचंही खरं.

पण तुमच्या हिशोबातलं एक कलम मी लाल शाईने खोडतो. विजय कुमारने २०१२ च्या लंडनमध्ये रॅपिड फायरचं रौप्य आणलं, ते पॉइंट टू टूवर. हा माणूस सेंटर फायरही सारख्याच जोमाने खेळायचा. जसपालचं तेच; आणि पुढे पॅरिसला मनू भाकरच्या मागे प्रशिक्षक म्हणून उभा होता तोही तोच. पॉइंट टू टू तुमच्या चुका पोटात घालतं. बत्तीस थोड्या उघड्या पाडतं, पण हात मोडेल इतका दणका देत नाही. २५ मीटरच्या पोराने वर्षातले थोडे आठवडे तरी त्यावर घालवावेत, पदक असो नसो. संघटनेने आयातीच्या काडतुसातला थोडा वाटा ज्युनिअर मुलांना आणि मुलींना सरावापुरता राखून ठेवावा, एवढी माझी मागणी. परदेशी मागवायचं जिवावर येत असेल तर खडकीत पुंगळी बनतेच आहे. पुढे गोल गोळीऐवजी स्पर्धेच्या दर्जाची चपटी बसवायची.

——

लेथवाला

तेवढं सोपं नाही हो. पुंगळी सारखीच असली तरी शिशाच्या गोळीचं वजन एकसारखं ठेवणं, तिचा व्यास, तोंडाचं वळण, प्रत्येक लॉटची चाचणी... अचूकतेचं काडतूस ही वेगळीच लाईन असते. गिऱ्हाईक किती? देशभरात काही शे नेमबाज. कारखाना एवढ्यासाठी डाय बदलणार नाही.

——

काळा ठिपका

गिऱ्हाईक कमी, हे मान्य. पण @घाटावरचा यांच्यासारखी परवानाधारक मंडळी गोल टोकाची काडतुसं घेतातच, ती लाईन चालूच आहे. त्यातलाच एखादा लॉट वर्षातून एकदा.

——

ऱ्हाईनकाठ

@लेथवाला, लॉट टेस्टिंगचं बरोबर. इथे मुरलेले नेमबाज पिस्तूल व्हाईसमध्ये आवळून दोन-तीन लॉट मारून बघतात, ज्याचा गट (टार्गेटवरच्या भोकांचा घोळका) सगळ्यात लहान त्याचीच पेटी उचलतात. पण ते वरच्या चार लोकांचं. ज्युनिअरच्या सरावाला २५ मीटरवर दहाच्या वर्तुळात गट बसला तरी पुष्कळ, आणि ५० मिलिमीटर हे कारखान्याला अशक्य नाही.

——

लेथवाला

५० मिलिमीटर म्हणत असाल तर बोलू. मला आधी साडेसात-आठ मिलिमीटरच्या गटाच्या गप्पा वाटल्या. खडकीतून निवृत्त झालेले एक काका आमच्या सोसायटीत आहेत, त्यांना गोळीच्या डायचं विचारतो आणि इथेच लिहितो.